रिकामी टाकी रिकामी नसते
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, व्हायवामध्ये सरांनी विचारलं, "पेट्रोलची भरलेली टाकी धोकादायक की रिकामी?" तर आपल्यापैकी निदान निम्मे तरी "भरलेली" म्हणून मोकळे होतील. गेल्या दिवाळीपर्यंत मीही तेच म्हणालो असतो. थर्मोडायनॅमिक्स, आय. सी. इंजिन, फ्युएल-एअर रेशो हे सगळं शिकून झालेलं होतं, मार्कही बरे होते. पण शिकलेलं कळायला गावी जाऊन एका जुन्या गाडीखाली आडवं व्हावं लागलं. तोच अनुभव आणि त्यातून जमलेली थोडी आकडेमोड इथे मांडतो. हॉस्टेलवरच्या ज्यांच्या घरी जुनी गाडी उभी आहे त्यांनी तर जरूर वाचावं.

गाडी आणि तिचा आजार

आमचं गाव रायगड जिल्ह्यातलं तळा. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला उतरून आत वळलं की तळगडाच्या पायथ्याशी वसलेलं. पावसाळ्यात भिंतीला पाठ टेकली तर शर्ट ओला होतो अशी हवा. तिथे काकांची मारुती ८०० आहे, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तीस वर्षं ही गाडी बनत होती. म्हणूनच आजही कोकणात अनेक घरांच्या पडवीशेजारी एखादी उभी दिसते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा गाडीवरच्या शेडचे पत्रे उडाले. त्यानंतर गाडी बरेच दिवस उघड्यावर होती आणि पुढे चार-पाच वर्षं जवळपास उभीच. गेल्या वर्षी काकांनी बॅटरी बदलून ती सुरू केली, तर दोन किलोमीटर गेली की आचके देऊन बंद. फिल्टर बदलला, पुन्हा तेच. जुना फिल्टर कापून बघितला तर आत तांबूस चिखल. रोग टाकीत होता.

टाकीत पाणी येतं कुठून? सगळे म्हणतात, "हवेतला दमटपणा." मी जरा हिशेब केला. ३० अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम वाफ असते. आमची टाकी जेमतेम २८ लिटरची, म्हणजे तिच्यात एका वेळी एक ग्रॅमसुद्धा नाही. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने टाकीतली २-३ टक्के हवा आत-बाहेर होते. तेव्हा रोज फार तर दोन-तीन शतांश ग्रॅम. पाच वर्षांत ४०-५० ग्रॅमच्या वर काही जात नाही. आमच्या टाकीत पेलाभर पाणी निघालं. म्हणजे मुख्य पाणी झाकणाच्या सुकलेल्या रबरातून, उघड्यावरच्या पावसात गेलेलं. उरलेलं काम पेट्रोलमधल्या इथेनॉलने केलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पण त्याला मर्यादा आहे. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. तळाला पत्रा आणि वर पाणी, मग गंजाला आणखी काय हवं?

थोडक्यात, टाकी खाली उतरवून साफ करायची असं ठरलं. गॅरेजवाल्याने "दिवाळीनंतर बघू" सांगितलं. काका म्हणाले, "घरात इंजिनीअर आहे की!" आणि माझी छाती दोन इंच फुगली. इथेच घोळ झाला.

तिन्हीसांजेची गोष्ट

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी पोहोचलो आणि संध्याकाळीच आम्ही कामाला लागलो. पेट्रोल काढण्यासाठी नळी सोडली, खाली प्लॅस्टिकचा टब ठेवला. चार-पाच लिटर पेट्रोल टबात उघडं. काका गाडीखाली, मी टॉर्च धरून बसलेलो. आमच्या अंगणाला तुळशीच्या बाजूने उतार आहे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. तुळशीवृंदावन गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर.

काकू निरांजन घेऊन बाहेर आली. पायरीवरच थबकली आणि म्हणाली, "अरे, तुळशीपाशी पेट्रोलचा वास कसा काय येतोय?"

मला उत्तर द्यायला दोन सेकंद लागली. मग जे ओरडलो ते शेजारच्या आळीतही ऐकू गेलं असेल. काकू निरांजन घेऊन तशीच मागे फिरली. चूक पूर्णपणे माझी होती. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असते हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. जड वाफ पाण्यासारखी उताराने वाहते, जमिनीलगत, न दिसता. आमच्या अंगणात ती पावसाच्या पाण्याचीच वाट धरून तुळशीपर्यंत गेली होती. वारा पडलेला होता, म्हणून ती विरलीही नव्हती. दिवा पेटता तर आग तुळशीपासून सुरू होऊन उलट दिशेने टबापर्यंत आली असती. आणि टबाशेजारी गाडीखाली काका.

आम्ही पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरलं, नळी पुन्हा बसवली आणि दिवाळीचे दिवस गाडीला हात लावला नाही. दारात पणत्या, आळीत फटाके, ते काही टाकी उतरवायचे दिवस नव्हेत. मी मात्र त्या रात्री वही घेऊन बसलो.

आकडे काय सांगतात

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. हवेत वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती पेटत नाही. ७.६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरी पेटत नाही, कारण हवा कमी पडते. या दोन मर्यादांच्या मध्ये मात्र एक ठिणगी पुरते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास आहे, तेव्हा कोकणातल्या कुठल्याही ऋतूत वाफ तयारच असते.

आता २८ लिटरची रिकामी टाकी घ्या. १.४ टक्के म्हणजे ०.३९ लिटर वाफ. ३० अंशाला एक मोल वायू सुमारे २५ लिटर जागा घेतो, म्हणून ही ०.०१६ मोल झाली. वाफेचा रेणुभार सरासरी ७० धरला तर १.१ ग्रॅम, म्हणजे दीड मिलिलिटर पेट्रोल. वरची मर्यादा अशीच काढली तर आठ मिलिलिटर.

मित्रांनो, चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. एक तृतीयांश चमचा ते दीड चमचा पेट्रोल टाकीत वाफ होऊन राहिलं की टाकी स्फोटक झाली. "पूर्ण रिकामी केली" म्हणतो तेव्हा सांध्यांत, गंजाच्या पापुद्र्यांत, गाळणीच्या जाळीत याहून जास्त पेट्रोल अडकलेलं असतं.

उलट अर्ध्या भरलेल्या टाकीत काय होतं? ताज्या पेट्रोलचा बाष्पदाब एवढा असतो की द्रवाच्या वरच्या जागेत वाफेचं प्रमाण ७.६ टक्क्यांच्या कितीतरी वर जातं. आत हवा अपुरी. म्हणून चालत्या गाडीची टाकी आतून स्फोट पावत नाही. पण तीच टाकी रिकामी करून उघडली, वारा देऊ लागलो, की आतलं मिश्रण पातळ होत होत स्फोटक पट्ट्यात शिरतं. म्हणजे आपण जेव्हा "आता सुरक्षित झाली" म्हणत असतो नेमकी तेव्हाच ती धोक्यात असते! शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून गेलेले असतात. त्याची वाफ कमी, म्हणून ते ताज्या पेट्रोलपेक्षा या पट्ट्याच्या जास्त जवळ असू शकतं.

बंद भांड्यात असं मिश्रण पेटलं तर दाब सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. टाकीची एक बाजू ५० बाय ४० सेंटिमीटर धरा, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोचा वाढीव दाब म्हणजे चौदा टन. पातळ पत्रा इतकं पेलत नाही. त्याच्या खूप आधीच तो फाटतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टी. डब्ल्यू. ए. ८०० हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात समुद्रावर फुटलं आणि सर्व २३० जण गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने चार वर्षं तपास करून काढलेला निष्कर्ष असा, की स्फोट मधल्या टाकीत झाला. ती टाकी जवळजवळ रिकामी होती आणि खालच्या एअर कंडिशनिंगच्या यंत्रांनी तापलेली होती. ठिणगीचं सर्वांत संभाव्य कारण काय, तर बाहेर कुठेतरी झालेलं शॉर्ट सर्किट आणि त्यातून इंधन मोजणाऱ्या गेजच्या तारांमार्गे टाकीत गेलेला जादा व्होल्टेज. मारुतीच्या टाकीतही गेजची तार जातेच की!

ठिणगी किती लहान चालते?

पेट्रोलची वाफ पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या शरीराची कपॅसिटी १५० पिकोफॅरड धरा. सिंथेटिक कपडे घालून सीटवरून सरकत उतरलो की अंगावर काही हजार व्होल्ट सहज जमतात. ३००० व्होल्ट धरले तर अर्धा गुणिले सी व्ही वर्ग, म्हणजे ०.६७ मिलिज्यूल. लागणाऱ्या ऊर्जेच्या अडीचपट. गंमत म्हणजे साधारण एवढ्याच व्होल्टेजला आपल्याला तो बारीक चटका जेमतेम जाणवतो. म्हणजे चटका जाणवला तर पेट्रोल पेटवण्याइतकी ठिणगी पडून गेलेली असते. कोकणातल्या दमट हवेत हा प्रकार कमी, पण थंडीत पुण्याला किंवा घाटावर सुट्टीला जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

टाकी उतरवण्याची रीत

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी क्रमाने. हा क्रम १९९०च्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या मारुतीचा आहे. दुसऱ्या गाडीला आधी तिचं मॅन्युअल बघा. पुढच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि नळीत दाब राहतो, तिथे आधी दाब काढावा लागतो. ते काम घरी करूच नका.

१. जागा. गाडी उघड्यावर, सपाट आणि टणक जमिनीवर, वारा असताना. शेडमध्ये नाही, पडवीत नाही, आणि गॅरेजच्या खड्ड्यात तर अजिबात नाही, कारण जड वाफ खड्ड्यात साठते. उताराच्या बाजूला काय आहे ते आधी बघा. आमच्याकडे त्या दिवशी मागची पाणी तापवायची चूल विझवलेली होती, देवघराचं दार बंद होतं आणि काकूने सांगून ठेवलं होतं, "काम संपल्याशिवाय दिवा नाही." बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्यांना फाटकाबाहेरच चहा!

२. तयारी. पावडरचा अग्निशामक आणि दोन बादल्या वाळू हाताशी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. सुती कपडे, चश्मा, हातमोजे. एक माणूस कायम बाहेर उभा, त्याने गाडीखाली यायचं नाही. वायरला लटकवलेला काचेचा बल्ब अजिबात नको. त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की तो तडकतो आणि तापलेली तार उघडी पडते. खरं तर दिवसाउजेडी काम करा, दिव्याची गरजच पडत नाही.

३. बॅटरी. ऋण टर्मिनल आधी काढा आणि बाजूला बांधून ठेवा. वाफ पसरण्याच्या आधी, म्हणजे पेट्रोलला हात लावण्यापूर्वी. नंतर काढायला गेलात तर ठिणगी तिथेच पडेल.

४. पेट्रोल काढणं. झाकण सावकाश उघडून आतला दाब जाऊ द्या. हातपंपाने पेट्रोल काढा. तोंडाने नळी ओढायची आपल्याकडची सवय जीवघेणी आहे. घोटभर पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि प्यायलं गेलं तर उलटी करवायची नसते. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा आणि जमिनीवर ठेवलेला हवा. डबा आणि गाडीची बॉडी एका तांब्याच्या तारेने जोडून घ्या, म्हणजे दोघांत विद्युतभाराचा फरक राहत नाही. तार पेट्रोल काढण्याआधी जोडायची आणि डब्याला झाकण लावून झाल्यावर सोडायची. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही धातूच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात २५ लिटरपर्यंत आणि काचेच्या भांड्यात एका लिटरपर्यंत. पाण्याच्या बाटल्यांत भरून हॉस्टेलच्या कॉटखाली ठेवणारे वीर कुठे बसतात ते त्यांनीच बघावं!

५. गाडी उचलणं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मारुती ८०० चा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपला. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा (ही गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे गिअर पुढची चाकं धरतो) आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. जॅक फक्त उचलायला. टेकवायला लोखंडी स्टँडच हवेत. चिरे आणि विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका. जांभा वरून भक्कम दिसला तरी एका कोपऱ्यावर भार आला की फुटतो. गाडीखाली जाण्याआधी ती बाजूने जोरात हलवून बघा.

६. नळ्या आणि तारा. टाकीला पेट्रोल भरायची जाड नळी, इंजिनकडे जाणारी नळी, परतीची नळी, हवेची नळी आणि गेजची तार असते. काढण्याआधी फोटो काढा (गाडीपासून लांब, पेट्रोल काढण्याच्या आधी) आणि प्रत्येक नळीला रंगीत चिकटपट्टी लावा. क्लिप मागे सरकवून नळी आधी फिरवून मोकळी करा, मग ओढा. सरळ ओढलं तर जुन्या पत्र्याचं नळकांडंच तुटून येतं. उघडी तोंडं बंद करत चला.

७. बोल्ट. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सहा कोनी बॉक्स पाना वापरा. बोल्ट हलत नसेल तर आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. टॉर्च लावून तापवणं, ग्राइंडर, छिन्नी-हातोडा, यांपैकी काहीही नाही. आमचा एक बोल्ट दीड तास हटला नाही. काकांचा हात ग्राइंडरकडे गेला होता. मी वहीतलं ते "दीड मिलिलिटर" दाखवलं. शेवटी हाताच्या हॅकसॉने, पाणी ओतत ओतत कापला.

८. उतरवणं. टाकीखाली जॅक आणि त्यावर रुंद फळी द्या. टाकीत पाच लिटर पेट्रोल उरलं तर ते पावणेचार किलो भरतं आणि एका बाजूला धावतं, टाकी हातातून निसटते. बोल्ट सैल करून टाकी चार बोटं खाली आणा, वर एखादी नळी-तार राहिली का बघा, मगच पूर्ण खाली घ्या.

धुणं आणि तपासणं

टाकी उताराच्या खालच्या बाजूला, घरापासून लांब नेली. काठोकाठ पाणी भरलं. पाण्याने वाफेला जागाच उरत नाही. मग ओतून, कपड्याच्या साबणाचं पाणी आणि मूठभर बारीक खडी टाकून हलवली, असं पाच-सहा वेळा. गंजासाठी सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण रात्रभर ठेवलं. हे धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा गटारात सोडू नका. आम्ही पहिली दोन पाणी डब्यात भरून, जुन्या पेट्रोलसोबत, जुनं ऑइल गोळा करणारे जिथे येतात त्या गॅरेजला दिली.

गळती शोधायला कॉम्प्रेसर लावू नका. अवघा ०.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब दिला तरी त्या २००० चौरस सेंटिमीटरवर ४०० किलो भार येतो, टाकी फुगून बसते. त्यापेक्षा पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. आमच्या टाकीखाली तासाभरात दोन ओले ठिपके दिसले. तळाच्या शिवणीला सुईएवढी भोकं.

"दोन टाके मारू"

बाजारात एक वेल्डर आहेत, चाळीस वर्षांचा अनुभव. ते म्हणाले, "पाण्याने धुतली ना? मग आणा, दोन टाके मारू." अनुभवी माणसाला विद्यार्थ्याने नाही कसं म्हणायचं? पण शिवणीतल्या दुमडलेल्या पत्र्यात पेट्रोल राहतंच. थंड असताना वासही येत नाही, आणि वेल्डिंगची उष्णता लागली की ते वाफ होऊन बाहेर येतं. तेव्हा दीड मिलिलिटर कुठून आलं हे विचारायला कोणी उरत नाही. कारखान्यांत अशा कामाआधी वाफेने धुतात, निष्क्रिय वायू भरतात, वायुमापकाने तपासतात. आपल्याकडे अंगठा आणि नाक! मी त्यांना चमच्याचा हिशेब सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं नशिबानेच केलं म्हणायचं." माझ्या आत्तापर्यंतच्या शिक्षणातली ही सगळ्यात मोठी व्हायवा होती.

माणगावच्या पार्टवाल्याकडून चांगल्या स्थितीतली टाकी मागवली. बसवताना नळ्या, क्लिप, गेजचं गॅस्केट आणि झाकणाचं रबर नवं घेतलं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात टिकेलच असं नाही, म्हणून नळ्या त्याला चालतील अशाच मागून घ्या. काढण्याच्या उलट क्रमाने सगळं बसवलं, बॅटरी सर्वांत शेवटी. पाच लिटर पेट्रोल टाकून अर्धा तास नुसतं बघत बसलो. थेंब नाही. मग चावी. गाडी मांदाडपर्यंत जाऊन आली, एकही आचका नाही.

जुन्या टाकीचं काय?

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. चार दिवसांनी भंगारवाला आला आणि काकांनी जुनी टाकी त्याच्या हातगाडीवर ठेवली. त्याच्यासोबत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. मी सहज विचारलं, "याचं पुढे काय करता?" तो म्हणाला, "काय नाय, गॅसने कापायची."

टाकी परत उतरवून घेतली. झाकण आणि गेजचं भोक उघडं ठेवलं, पाणी भरलं आणि काकांनी लाल ऑइलपेंटने दोन्ही बाजूंनी लिहिलं, "पेट्रोलची टाकी. गॅसने कापू नये." त्या मुलाला वाचता येतं का विचारलं, तर त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. मग आत दीड चमचा पेट्रोल राहिलं तर काय होतं तेही त्याला समजावलं. आता ती टाकी पाण्यासकट पुढे जाईल की पाणी वाटेत ओतलं जाईल, सांगता येत नाही. अक्षरं मात्र जातील.

मित्रांनो, टाकी आपल्या अंगणातून गेली म्हणजे धोका गेला नाही, तो फक्त दुसऱ्याच्या अंगणात गेला. आपण जे शिकतो त्याचा उपयोग गाडी सुरू होण्यापुरता असेल तर गॅरेजवाला आपल्यापेक्षा हुशार आहे. पुढच्या माणसाच्या हातात वस्तूबरोबर तिची माहितीही द्यायची, एवढं जरी जमलं तरी आपलं थर्मो पास झालं असं समजायला हरकत नाही.

आणि हो, सुट्टीत घरी जुनी गाडी खोलणार असाल, तर कामाला सकाळी लागा. तिन्हीसांजेला नको. प्रत्येक घरी वासाला इतकं तिखट नाक असलेली काकू असतेच असं नाही.